मापाचं ब्लाउज

शाइस्तानं ब्लेडचं टोक ब्लाउजच्या काखेखालच्या शिलाईत घातलं आणि हलकेच ओढलं. टाके उसवले. आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड तिनं बोटानं चाचपलं. जेमतेम अर्धा इंच उरलं होतं. यंदाचं भागेल, पुढच्या वर्षी काय करायचं, असं मनात येतंय तोवर दारात चपला वाजल्या. तिनं ते ब्लाउज झटकन मांडीवरच्या कापडाखाली सारलं.

प्रियदर्शनी आत आली आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली. चढायच्या त्या दोनच पायऱ्या, पण धाप काही केल्या थांबेना.

"पाणी दे गं आधी. आणि माझं ब्लाउज झालं का? परवा मंद्रूपला भाचीचं डोहाळजेवण हाय."

"होतंय की, अक्का. बसा तुमी."

प्रियदर्शनी म्हणजे गल्लीतली सगळ्यात बोलकी बाई. घरी शेंगाचटणी करून विकायची. विकते त्याहून जास्त चाखते, असं स्वतःच सांगून हसायची. गेली दहा वर्षं तिचं एकच मापाचं ब्लाउज शाइस्ताकडं येत होतं. ते आणि नवं कापड पिशवीत घालून द्यायचं, 'ह्याच मापाचं' म्हणायचं, की झालं.

"काल डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलते," पाणी पिऊन ती म्हणाली. "ह्या उजव्या डोळ्यापुढं काळं काळं तरंगतंय सारखं. तर तो म्हणाला, तुमची साखर लई वाढलीय, तिच्यामुळं पडद्यावर रक्त उतरलंय. वजन उतरवा. पोटाभोवतीच्या चरबीमुळं साखर आटोक्यात येत न्हाय, गुडघे बी वजनानंच गेलेत, धाप बी त्यानंच लागते. आत्ताच आवरलं न्हाय तर दुसरा डोळा बी जाईल म्हणे."

"मग?"

"मग काय! ठणकावून सांगितलं. म्हटलं, डॉक्टर, आधी तुमचा वजनकाटा दुरुस्त करून घ्या. दहा वर्षांत माझ्या ब्लाउजचं माप सुताएवढं हललं न्हाय. विचारा आमच्या शाइस्ताला!" ती खदखदून हसली. "गोळ्या दिल्यात, त्या ठेवल्यात फडताळात. ज्याचं वजन वाढलंय त्यानं खाव्यात."

शाइस्ताचा हात मांडीवरच्या कापडाकडं गेला.

साडीला माप नसतं, परकराला नाडी असते. बाईला तिच्या अंगाची खबर देणारं एकच कापड, ते म्हणजे ब्लाउज. आणि नेमकं त्यालाच शाइस्तानं दर वर्षी खोटं बोलायला लावलं होतं. पहिल्यांदा केलं ते दया येऊन. बाळंतपणानंतर दंडात रुतणारं ब्लाउज घेऊन प्रियदर्शनी रडवेली होऊन आली होती. शाइस्तानं नव्याबरोबर मापाचंही गुपचूप सैल केलं आणि इस्त्री मारून दिलं. बाई खूश! 'शाइस्ताच्या हाताला गुण हाय, माझं अंग हाय तसंच हाय,' असं ती गल्लीभर सांगत सुटली आणि गिऱ्हाइकं वाढली. मग कसली दया न काय, ती धंद्याची रीतच होऊन बसली. हे शाइस्ताला आज कळलं असं नाही, आधीपासून ठाऊक होतं. म्हणून तर तिला स्वतःचीच शिसारी आली.

तिनं कापडाखालून ब्लाउज काढलं.

"अक्का, डॉक्टरचा काटा बरोबर हाय."

"म्हंजे?"

तिनं उसवलेली कड पुढं केली. दुमडीत दडलेल्या कापडाचा रंग अजून गडद होता आणि त्यावर जुन्या शिलायांच्या रेघा एकीशेजारी एक उमटलेल्या दिसत होत्या.

"ही पहिली शिलाई. ही त्याच्यानंतरची. दर वेळी मी जरा जरा सैल करत आले. तुमाला वाईट वाटू नये म्हणून."

प्रियदर्शनीनं ब्लाउज चेहऱ्याजवळ नेलं आणि उजवा डोळा मिटून डाव्यानं पाहिलं. एकेका रेघेवरून तिनं बोट फिरवलं.

"केसानं गळा कापलास की गं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्याचंच शाइस्ताला जास्त लागलं. "मी त्या डॉक्टरला चारचौघांत खोटं पाडून आले."

"चुकलं माझं, अक्का. शिव्या द्या मला, पण गोळ्या घ्या. आजपास्नं घ्या."

"तुला शिव्या देऊन डोळा माघारी येतोय व्हय?" प्रियदर्शनीनं पदरानं तोंड पुसलं. "आणि मला तरी काय कळत नव्हतं? गुडघे बोंबलत होते की. पण ब्लाउज बसतंय म्हटल्यावर बरं वाटायचं."

शाइस्ताला रडावंसं वाटत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही, हेही तिला समजत होतं.

"आणखी कुणाकुणाचं केलंस असं?" प्रियदर्शनीनं विचारलं.

शाइस्ता काही बोलणार तोच आतल्या खोलीचं बंद दार उघडलं आणि तिचा नवरा बाहेर आला. गौस टेम्पो चालवायचा. दिवसभर बैठक, दोन वेळा ढाब्यावरचं तेलकट जेवण. आज मोडनिंबला त्याच्या भाच्याचा निकाह होता. शेरवानी अंगात चढवता चढवताच त्याचं कपाळ घामानं डबडबलं होतं.

"बघा की, वैनी!" हात पसरून तो गर्रकन फिरला. "माझ्या निकाहातली शेरवानी. एक तरी बटण ताणलंय का? ह्याला म्हणत्यात अंग! परवा मार्केट यार्डात फुकट तपासणी होती. बीपी बघतो म्हणाले. म्या म्हटलं, ज्याचं पोट सुटलंय त्याचं बघा जावा!"

हसता हसता त्याला दम लागला आणि तो खुर्चीवर बसला. शाइस्ताची नजर शेरवानीच्या बाजूच्या शिलाईवर गेली आणि तिथून खाली फरशीवर. प्रियदर्शनीनं ते पाहिलं.

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. उसवलेलं ब्लाउज तिनं तसंच पिशवीत टाकलं आणि पायांत चपला सरकवल्या.

"शाइस्ता," ती म्हणाली, "ह्यांना तू सांगतीस, का मी सांगू?"