गुडघ्याची झीज

"ती सोडून दुसरी बघा," पर्णिका म्हणाली आणि लांब केसांच्या गोऱ्या तरुणाच्या हातातल्या जीन्सचं दुसरं टोक तिने धरलं. त्यानेही सोडलं नाही.

बाबांना जाऊन महिना झाला होता. अठ्ठ्याहत्तर सालापासून वीस वर्षं दुबईतल्या अल क्वोजच्या या वर्कशॉपमध्ये ते नव्याकोऱ्या जीन्स घासून जुन्या करत आणि लंडनला पाठवत. ज्यांना बाजार नको असतो त्यांचाही एक बाजार असतो, असं ते मजेत म्हणत. आता उरलेला माल विकून वर्कशॉप बंद करायचं ठरलं होतं. बाबांचे भागीदार दौलतमामा यांनी कपाट रिकामं करताना बाबांची स्वतःची, कामावरची जीन्स चुकून विक्रीच्या गठ्ठ्यावर ठेवली होती.

तरुण सांगत होता, की त्याला फॅशनचा, दुकानांचा तिटकारा आहे. या ढिगात ही एकच खरी आहे. वडिलांची आहे, एवढंच तिला सांगायचं होतं. ती गठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी म्हणाली, दुपारी या, अशीच दुसरी देते.

"खलास, नाही म्हणून सांगायचं त्याला," दौलतमामा ओशाळून म्हणाले. "चूक माझी."

"असू दे, मामा. पॉलिश पेपर कुठाय?"

शाळेच्या सुट्टीत ती बाबांशेजारी बसून घासायची. बाबा डावा गुडघा टेकून काम करत, म्हणून तिथलं कापड जवळजवळ पांढरं झालेलं. त्यांची जीन्स समोर पसरून ती नवीवर हात चालवू लागली. ते कुठे भार देत, कुठे वळत, हे झिजेवरून उमगत गेलं. जेवण राहिलं. मध्येच आपण गुणगुणतोय हे तिच्या लक्षात आलं, तरी ती थांबली नाही.

दुपारी दोन्ही जीन्स टेबलावर होत्या. तरुणाने निरखून एक उचलली.

"ही मी आज सकाळी घासलीय," पर्णिकाने सांगितलं. "माझ्या वडिलांची ती, दुसरी."

तो समजूतदारपणे हसला. खरी झीज आपल्याला ओळखता येते, म्हणाला. ती दुसरी सरळसरळ कारखान्यातली आहे. पैसे ठेवून, उचललेली जीन्स खांद्यावर टाकून तो गेला.

पर्णिकाने बाबांची जीन्स घडी करून मांडीवर घेतली.

"मामा, बाबा काय म्हणाले असते?"

दौलतमामा चहा ओतता ओतता थांबले. "आधी पोट धरून हसले असते. मग म्हणाले असते, उजवा गुडघा जरा जास्त घासलास, पोरी."

तिने क्षणभर विचार केला.

"घासलाय खरा," ती म्हणाली आणि गठ्ठ्यातली आणखी एक कोरी जीन्स ओढून घेतली.