तिरळी

"आज जरा चुकलीस तर आभाळ कोसळणार नाही," साहेब म्हणाले आणि दातात अडकलेलं काहीतरी करंगळीच्या नखाने काढून त्याच्याकडे निरखून बघत बसले.

तिरळीने मान फिरवली. साहेब म्हणजे तिचे थोरले दीर. घरी भाऊजी, इथे उपग्रह केंद्रावर साहेब. दोन्हीकडे ती त्यांच्यासमोर तोंड मिटून असायची आणि दोन्हीकडे ते असेच दात कोरायचे. या माणसाच्या शिफारशीवर आपल्याला नोकरी लागली, हे आठवलं की तिला अन्न गोड लागत नसे.

तिरळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. डोळे चांगले सरळ होते. गच्चीवरची मोठी डिश उपग्रहावर रोखायची आणि तो मावळेपर्यंत त्याचा माग सोडायचा नाही, हे तिचं काम. आता डिशला समोर एक खरा कान असतो, पण त्याच्या बाजूला चोरटे कानही असतात, त्यांनाही थोडंथोडं ऐकू येतं. नवख्या माणसाची डिश तिथे अडकते. संदेश येतोय असं वाटतं, दिवा हिरवा होतो, पण डिश जराशी भलतीकडेच बघत असते आणि हाती लागतो निव्वळ कचरा. पहिल्या वर्षी तिच्या हातून हे एकदा झालं होतं. त्यानंतर तिने एकही फेरी वाया घालवली नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

"चुकू म्हणजे काय करू, भाऊजी?" तिने मुद्दामच घरचं संबोधन वापरलं.

"काहीच करू नकोस. डिश बाजूला अडकली तर अडकू दे. मी वायर उपटली तर चौकशी माझी होईल. तू चुकलीस तर काय, लोक म्हणतील तिरळीच ती! चार दिवस हसतील."

म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं. तिच्या नावाचं पायपुसणं करायचं आणि त्याला पाय पुसून कारखान्याने आत यायचं.

गावाबाहेरच्या तलावात रंगाचा कारखाना आपलं घाण पाणी सोडत होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कारखाना म्हणत होता, पुरावा दाखवा. चौकशी समितीची माणसं यायची त्या दिवशी नळ बंद. पण उपग्रहाला कोणी आगाऊ चहापाणी देऊ शकत नव्हतं. तो सूर्याशी बांधलेला. सकाळी साडेदहाच्या सुमाराला, त्याच उन्हात, त्याच सावल्यांवरून जायचा, त्यामुळे आजचं चित्र मागच्या चित्राशेजारी ठेवलं की तलावात काय बदललं ते लपत नसे. तलावावरून नेमका जायची त्याची पाळी मात्र दोन आठवड्यांनी एकदा यायची, आणि गेल्या कित्येक पाळ्या ढगांनी खाल्ल्या होत्या. आज आभाळ धुतल्यासारखं मोकळं होतं. उद्या समिती निकाल देणार होती. आजचं चित्र आलं नाही, तर कारखाना सुटला.

आणि तलावाच्या काठावर तिची आई राहत होती. त्याच पाण्यात धुणं, त्याच पाण्याचा स्वयंपाक. आईच्या कोपरापर्यंत फोड उठले होते. "वयाचं असेल गं," आई म्हणायची.

टेबलावर तिची पाण्याची बाटली होती. केंद्रावर पाण्याचे मोठे जार यायचे, स्वच्छ, थंडगार, कारखान्याकडून भेट. आईकडे जाताना तिरळी ही बाटली भरून न्यायची. आईच्या घरचं पाणी तिच्या घशाखाली उतरत नसे. आई बघत राहायची. त्या बाटलीकडे बघून तिला आता भाऊजींपेक्षा स्वतःचीच किळस आली.

फोन वाजला. नवरा होता.

"दादाने सांगितलं ना तुला?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "ऐक की त्याचं. एकदाच तर आहे."

"माझ्या आईचे हात बघितलेस तू?"

"आईंना आपण डॉक्टरकडे नेऊ ना. चांगल्या डॉक्टरकडे."

"पाणी काय डॉक्टर पाजणार आहे?"

"हे बघ, दादाशी वाकडं घेऊन आपण राहायचं कुठे?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस एवढा बुळबुळीत आहे हे आजच तिच्या हाताला लागलं. तिने फोन ठेवला आणि हात ओढणीला पुसला.

वेळ झाली. गच्चीवर डिश कुरकुरली आणि उत्तरेकडे वळली. पडद्यावरची, संदेशाचा जोर दाखवणारी पट्टी हलली, चढली आणि अर्ध्यावर थांबली. दिवा हिरवा झाला.

चोरटा कान! आज आपणहून डिश तिथे जाऊन अडकली होती. दैवही कारखान्याचंच खात होतं म्हणायचं. तिने नुसते हात मांडीवर ठेवायचे होते. खोटं बोलायला नको, काही मोडायला नको.

"शाब्बास," साहेब पुटपुटले. "राहू दे आता अशीच."

ती शाब्बासकी तिच्या अंगावर पाल पडावी तशी पडली. तिने डिश फिरवायचं चाक धरलं आणि डिश केसभर उजवीकडे सरकवली. पट्टी खाली पडली.

"अगं, हात काढ!"

आणखी केसभर. पट्टी उसळली आणि वर टोकाला जाऊन टेकली. तिने चाकावरचा हात काढला नाही. साहेब उभे राहिले, पण बाईच्या हाताला हात लावायची हिंमत त्यांना झाली नाही, शेजारच्या खोलीत माणसं होती. पडद्यावर चित्र पट्टीपट्टीने उतरू लागलं: डोंगर, वस्ती, मग तलाव, आणि कारखान्यापासून त्यात घुसलेली काळपट लाल जीभ, थेट आईच्या काठापर्यंत. चित्र इथून परस्पर मुख्य केंद्रात जात होतं. आता ते कोणाच्या बापाला अडवता येणार नव्हतं.

उपग्रह दक्षिणेला मावळला.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांत थुंकी जमली होती. "आणि आमच्या घरातही पाय ठेवू नकोस. कृतघ्न बाई!"

"घर तुमचंच आहे, भाऊजी. तुमच्या भावालाही तिथेच ठेवून घ्या."

निघण्यापूर्वी तिने डिश जागेवर आणली, तोंड आभाळाकडे, अगदी सरळ. उद्या जो कोणी येईल त्याला ती तशीच मिळायला हवी होती. मग पिशवी खांद्याला लावली आणि तलावाची वाट धरली. वास वाटेतच सुरू झाला, कुजक्या अंड्यांचा.

आई दारात धुणं वाळत घालत होती.

"आज भर दुपारची गं? कामावर नाही गेलीस?"

"झालं काम."

आईने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग पिशवीकडे. पिशवीत बाटली नव्हती. ती टेबलावरच राहिली होती.

आई आत गेली. फडक्याने दोनदा गाळून तिने पेला भरला, आणि देऊ की नको अशी दारातच घुटमळली. पाण्यावर तेलकट तवंग होता.

"दे," तिरळी म्हणाली.

तिने पेला दोन्ही हातांनी धरला, आणि आईच्या डोळ्यांत बघत, नाक न दाबता, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.