डिस्टलची दृष्ट

मला कुत्री कधीच आवडली नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला प्राणिप्रेमी वगैरे समजायला नको.

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला, त्या दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात आमचे शेजारी हेर, म्हणजे श्रीयुत, हिर्ल आठ आठवड्यांचं पिल्लू घेऊन आले. इंगोलश्टाटपासून गाडीने वीस मिनिटांवर आमचं गाव. माझा नवरा हरीश तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. हिर्ल पंचाहत्तरीचे, बायको कधीच गेलेली, उभं आयुष्य शेतांत आणि रानात शिकार करण्यात घालवलेलं. पिल्लू सेटर जातीचं होतं, पांढऱ्या अंगावर शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके. नाव डिस्टल, म्हणजे एक काटेरी रोपटं. इतक्या मऊ पोरीला असलं नाव ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी तिला ठमी म्हणायला लागले.

ऑगस्टमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी हिर्लना सांगितलं, की दोन्ही डोळ्यांची मधली नजर चालली आहे आणि ती परत यायची नाही. कडेकडेचं पुसट दिसेल, तेवढंच. त्यांनी त्याच आठवड्यात बंदुकीचा परवाना परत केला आणि तिसऱ्या दिवशी आमच्या दारात उभे राहिले.

"फ्राउ लेले, तुमचे पाय आणि माझं डोकं," ते म्हणाले. "आल्झो, तर मग एप्रिलपर्यंत."

एप्रिलमध्ये लहान कुत्र्यांची परीक्षा असते. त्यांच्या अंगात उपजत काय आहे ते बघतात. डिस्टल पास झाली, तर योहान्सेन नावाचे एक वनाधिकारी तिला घेऊन जाणार होते, थेट उत्तरेला डेन्मार्कच्या सीमेजवळ. तिथे अजून भरपूर पक्षी आहेत म्हणे.

"आणि नापास झाली तर?"

"मग तिला नाक नाही. बिननाकाचा सेटर सोफ्यावर बसवायचा. तुम्हीच ठेवून घ्या."

मी हो म्हणाले ते निव्वळ भिडेपोटी. पण खरं सांगायचं, तर जुलैअखेर आमची लेक कादंबरी शिकायला हायडेलबर्गला निघून गेली होती आणि घर मला खायला उठत होतं. डिस्टल आमच्याकडे राहायला आली आणि पहिल्याच रात्री कादंबरीच्या पलंगाखाली जाऊन झोपली. कादंबरीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर, मी गेले आणि महिनाभरात रूम भाड्याने."

सेटरचं काम मला तोवर ठाऊक नव्हतं. हे कुत्रं पक्षी धरत नाही. वाऱ्याकडे तोंड करून शेतभर डावीउजवीकडे पळत राहतं, आणि दडलेल्या पक्ष्याचा वास आला की आहे तिथेच थिजतं. एक पाय वर, शेपूट सरळ. मालक जवळ येईपर्यंत हलायचं नाही. ते थिजणं रक्तातच असतं, ते शिकवता येत नाही. बाकीचं शिकवायचं: शिट्टी, थांबणं, सशामागे न धावणं.

पहिला धडा जेवणाचा. भांडं समोर ठेवायचं आणि 'घे' म्हणेपर्यंत तिने बसून राहायचं. तिची लाळ गळत होती आणि ती माझ्याकडे बघत होती. चार सेकंदांत मी म्हणाले, "जेव गं बाई."

"कुत्री शिकतेय," हिर्ल म्हणाले. "तुम्ही शिकत नाही."

आमच्या फ्रीझरमध्ये मटार आणि खवलेल्या नारळाच्या डब्यांशेजारी फेझंट पक्ष्याचा एक पंख आला. तो काठीला दोरीने बांधून गवतात नाचवायचा. आमच्या घरात अंडंसुद्धा फार उशिरा शिरलं. हरीश म्हणाला, "फ्रीझरचा हा कप्पा आईला फोनवर दाखवता येत नाही हे आपलं नशीब." मी नाक मुरडत पंख नाचवला. तिसऱ्या दिवशी डिस्टल त्याच्यावर झेप घेता घेता थांबली, पुढचा डावा पाय उचलला आणि नुसती बघत राहिली. अंग कापत होतं, पण हलली नाही. तीन महिन्यांचा तो जीव कुणी न सांगता स्वतःला आवरत होता. मला उगीचच रडू आलं.

हिर्ल बांधावर उभे राहून विचारायचे, "आता काय करतेय? शेपूट कशी आहे? डोकं वर की खाली?" आणि मी चिखलात धावत धावत त्यांना ओरडून सांगायची. पाऊस, बर्फ, धुकं, काही असो, रोज सकाळी दोन तास. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे ये, एक लांब म्हणजे खाली बस. लांब शिट्टी मला जमेना, तोंडातून नुसती हवा जायची. हिर्ल हसून हसून बेजार झाले. फेब्रुवारीपर्यंत माझे गुडघे दुखायचे थांबले होते आणि मी सहा किलोंनी कमी झाले होते. लिफ्ट असताना कधी जिना न चढणारी मी!

डिस्टल हुशार निघाली. आणि जसजशी ती हुशार निघत गेली, तसतसा एप्रिल मला नकोसा होत गेला. देवापुढे दिवा लावताना मी मनात म्हणायची, ही नापास होऊ दे. आणि दिवा लावून झाला की बूट चढवून तिला पास करायला घेऊन जायची. असा दुटप्पीपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी योहान्सेन आले. उंच, हळू बोलणारा, भला माणूस. वाईट असता तर सोपं गेलं असतं. आमच्या बागेत कॉफी झाली. शिकारी कुत्र्यांच्या क्लबातले आणखी दोघे होते. सगळ्यांनी डिस्टलचं कौतुक केलं. काय डोळे, काय चाल, काय खांदे. एक जण म्हणाला, इतकी देखणी कुत्री वीस वर्षांत पाहिली नाही.

पाहुणे गेले आणि संध्याकाळी डिस्टल जेवेना. भांड्याला तोंडही लावलं नाही.

आता या परिस्थितीत कुठल्याही आईने जे केलं असतं, तेच मी केलं. मीठ, मोहरी आणि पाच लाल मिरच्या मुठीत घेतल्या, तिला बसवलं, तिच्यावरून तीनदा उतरवल्या आणि लोखंडी तव्यावर टाकल्या. दृष्ट लागली असली, तर मिरच्यांचा ठसका येत नाही म्हणतात. असा ठसका आला, की हरीश वरच्या मजल्यावरून खोकत खाली आला. म्हणजे दृष्टबिष्ट काही लागली नव्हती. पण डिस्टल माझ्या पायाशी, शेगडीकडे नाक करून उभी होती. नेहमीच असायची.

ती सटासट शिंकायला लागली. डोळ्यांतून, नाकातून पाणी. सकाळी उठले तरी नाक गळतच होतं आणि ती ते गालिच्यावर घासत होती. नाक! सगळी परीक्षाच नाकाची.

हरीशने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वासंती, खरं सांग. मुद्दाम नाही ना केलंस?"

थट्टेतच विचारलं त्याने. मुद्दाम केलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण सकाळी तिचं गळतं नाक बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आता ही आपलीच.

मी कुणाला काही बोलले नाही.

परीक्षेच्या जागी गव्हाची कोवळी शेतं होती, वीतभर उंचीची. सहा कुत्री, आमचा नंबर तिसरा. मी पट्टा सोडला. डिस्टल सुंदर धावली, ही कड ते ती कड, वाऱ्याला धरून, कुणी रेषा आखून दिल्यासारखी. आणि सरळ तित्तरांच्या जोडीवरून गेली. थांबली नाही, डोकंसुद्धा वळवलं नाही. पक्षी तिच्या पोटाखालून फडफडत उडाले आणि तीच दचकून बसली. परीक्षकाने वहीत काहीतरी लिहिलं. योहान्सेननी मान हलवली आणि पाइप काढला.

मी तिला घेऊन बांधावर आले. हिर्ल काठीवर रेलून, ज्या बाजूने माझी पावलं ऐकू येत होती तिकडे तोंड करून उभे होते.

"पंखांचा आवाज ऐकला मी," ते म्हणाले. "थांबली होती ना ती? पाय उचलला होता?"

काय सांगायचं होतं मला? 'नाही' एवढंच. आणि ते खोटंही नव्हतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघू शकत नव्हते आणि माझ्या शब्दाची वाट बघत होते. आठ महिने त्यांनी माझ्याच डोळ्यांनी ही कुत्री पाहिली होती.

"हेर हिर्ल, तिला वास येत नाहीये. काल मी तिच्या नाकाशी मिरच्या जाळल्या."

मग सगळं सांगितलं. दृष्ट काय, ती का काढतात, मीठ का, मोहरी का. जर्मनमध्ये सांगताना ते इतकं वेडगळ वाटत होतं, की माझं मलाच ऐकवेना.

"म्हणजे कुणी तिची स्तुती केली म्हणून तुम्ही घाबरलात?"

"हो."

"गप्प राहिला असतात, तर ती तुमची होती."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. माझा आवाज चिडका निघाला. "म्हणूनच सकाळपासून गप्प होते."

त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि मला परीक्षकाकडे घेऊन गेले. मिरचीची गोष्ट परीक्षकाला दोनदा सांगावी लागली. दुसऱ्यांदा तो हसला. नियमात दुसरी संधी होतीच, ती त्याने सगळ्यांच्या शेवटी दिली, दुपारी. मधले चार तास मी थर्मासमधल्या कोमट पाण्यात रुमाल भिजवून तिचं नाक पुसत होते आणि तिला ओढ्याकाठच्या ओल्या गवतातून फिरवत होते. ती मजेत होती. तिला कुठे काय ठाऊक.

दुपारी वारा पश्चिमेकडून आला. मी पट्टा सोडला. एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली, आणि तिसऱ्या वळणावर जणू कुणी मागून धरल्यासारखी थांबली. पाय वर, शेपूट सरळ, मान पुढे. तिच्यापुढे नुसते हिरवे गहू होते. मी श्वास रोखून चालत तिच्यापाशी गेले. आठ महिने जे होऊ नये म्हणून मी देवापुढे हात जोडले, ते माझ्या डोळ्यांपुढे उभं होतं, आणि मला असा आनंद झाला की छाती दुखायला लागली. वीस पावलांवरून दोन तित्तरं उठली. डिस्टल हलली नाही. मी तिच्याशेजारी गुडघ्यावर बसले आणि बांधाकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडले, "उभी आहे! हेर हिर्ल, उभी आहे!" जर्मनमध्ये ओरडले की मराठीत, ते आता आठवत नाही.

संध्याकाळी तिची चादर आणि भांडं मीच योहान्सेनच्या गाडीत ठेवलं. तिला मिठी मारली तेव्हा तिच्या कानामागे अजून थोडा मिरचीचा वास होता. गाडीत उडी मारायला तिने एक क्षणही लावला नाही.

गाडी सुरू झाली. डिस्टल पुढे तोंड करून बसली होती आणि योहान्सेनच्या कोटाची बाही मन लावून हुंगत होती. नवा माणूस, नवे वास. हिर्ल माझ्याशेजारी फाटकात उभे होते.

"मागे बघतेय का ती?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "तुमच्याकडेच बघतेय."

त्यांनी हात वर केला आणि हलवू लागले. गाडी चर्चपाशी वळून दिसेनाशी झाली, तरी त्यांचा हात वरच होता. मग मीही माझा हात वर केला आणि ते थांबेपर्यंत हलवत राहिले.