बाजूची सीट

पट्टा खटकन बसला, तरी पद्मजानं तो दोनदा ओढून पाहिला. मग तिचा डावा हात दाराच्या मुठीवर गेला आणि तिथंच राहिला.

मागं, पलीकडच्या दारानं, अनंतराव आत शिरत होते. दोन दारांच्या त्या बुटक्या निळ्या गाडीला मागची सीट होती, पण ती नावापुरती. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेला हा उंचापुरा माणूस कमरेत वाकून, मान तिरकी करून, गुडघे छातीशी घेऊन तिथं मावला, आणि एवढं होऊनही त्याचा चेहरा जत्रेत पाळण्यात बसल्यासारखा खुलला होता.

"मागं जागा भरपूर आहे हो," ते म्हणाले.

"काका, गाडी मी विकायलोय. तुम्ही कशाला खोटं बोलता?" गाडीचा मालक हसून म्हणाला.

खोटं तर सगळंच चाललं होतं. अनंतरावांना गाडी घ्यायची नव्हती. गाडी विकणारा हा वैजनाथ सेलूकर वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीला होता, आणि पद्मजाच्या धाकट्या बहिणीसाठी, रेणुकेसाठी, त्याचं स्थळ आलेलं होतं. पत्रिका जुळली होती, पगार कळला होता, परळीकडच्या नातेवाइकांत चौकशी झाली होती. अजून बघण्याचा कार्यक्रम व्हायचा होता, त्यामुळं घरच्यांची तोंडं मुलाला माहीत नव्हती. अशात मुलानं आपली गाडी विकायला काढल्याचं मोबाइलवर दिसलं, आणि अनंतरावांना राहवेना. मुलाची माहिती काढणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा आवडता उद्योग होता. गिऱ्हाईक म्हणून जायचं, तासभर शेजारी बसायचं, माणूस आपोआप कळतो, असं त्यांनी बायकोला, यमुनाबाईंना, पटवून दिलं.

"मीपण येते," पद्मजा म्हणाली होती.

अनंतरावांना बरंच वाटलं. थोरली लेक गावातच दिली असूनही लग्नानंतर चार वर्षांत अशी हौसेनं कुठं आली नव्हती. शिवाय तिच्या घरी अगदी हीच गाडी, फक्त लाल रंगाची. तिला त्यातलं कळतं, अशी त्यांची समजूत.

पद्मजा मात्र एकच गोष्ट बघायला आली होती. बाजूच्या सीटवरची बाई 'हळू' म्हणाली, की हा माणूस काय करतो. रेणुकेच्या होकाराला तेवढंच बघायचं राहिलं होतं, आणि ते बघावं लागतं हे घरात फक्त तिलाच माहीत होतं.

गाडी जालना रोडला लागली. रविवारची सकाळ असल्यानं रस्ता बराच मोकळा होता. वैजनाथ गिअर बदलता बदलता एकेक माहिती सांगत होता. टायर नवे आहेत, एसीचं काम दिवाळीत केलंय, बंपरला उजवीकडं ओरखडा आहे तो माझ्याच हातून गेटला घासून झालाय.

"तुमच्याकडं कोणती आहे म्हणालात?"

"हीच. लाल," पद्मजा म्हणाली.

"मग तुम्हाला काय सांगायचं! सगळं माहीतच असेल."

तिला माहीत होतं. ही सीट किती खाली असते, पुढं काही दिसेनासं झालं की किती वाईट वाटतं, आणि मूठ कुठं असते, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. लाल गाडीत तिच्या पायाखालचा गालिचा एका ठिकाणी घासून पार विरला होता. ब्रेक नसलेल्या जागी ती चार वर्षं ब्रेक दाबत आली होती. तिनं मान खाली घालून इथला गालिचा पाहिला. चांगला होता, कुठं विरलेला नव्हता. तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच मनात आलं, की इथं कुणी बसतच नसेल तर?

"आमचे जावईबापू काय चालवतात हो गाडी!" मागून अनंतराव म्हणाले. "मागच्या वर्षी शिर्डीला नेलं आम्हाला. म्हणजे मी असा पुढं बसलेलो, आणि कधी वैजापूर आलं न् कधी गेलं, कळालं नाही मला! पण चेहऱ्यावर बघा, एक रेषा हलत नाही. एकदम शांत."

"छान," वैजनाथ म्हणाला.

श्रीरंग, तिचा नवरा, शांतच होता. त्याचा आवाज कधी चढला नाही, हात तर कधीच उगारला नाही. म्हणून तर कुणाला सांगावं काय, हे पद्मजाला कळत नव्हतं. चाळीसगावला एका लग्नात त्यानं पंगतीत काहीतरी साल चुकीचं सांगितलं आणि तिनं सगळ्यांसमोर बरोबर करून सांगितलं, एवढंच झालं होतं. परतताना घाट चढायला लागल्यावर गाडीचा वेग वाढला. ती 'हळू' म्हणाली. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही, फक्त पाय आणखी दाबला. ती पुन्हा म्हणाली, त्यानं पुन्हा दाबला. एका वळणावर समोरून आलेल्या एसटीचा ड्रायव्हर तोंड उघडून काहीतरी ओरडताना तिला दिसला. तेव्हापासून तिनं तो शब्द गिळायला सुरुवात केली. कन्नडला आल्यावर श्रीरंगनं रस्त्याकडेला गाडी थांबवून तिला उसाचा रस पाजला, बर्फ नको म्हणून मुद्दाम सांगितलं, आणि प्रेमानं विचारलं, "घाबरलीस? अगं, ही गाडीच तशी असते. हळू चालवली की इंजिन बिघडतं हिचं." तिनं ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

पुढंही असंच होत राहिलं. भाजीत मीठ जास्त पडलं, माहेरी फोन लांबला, की संध्याकाळी तो म्हणायचा, चल, चक्कर मारून येऊ. तयार होताना तिचे हात गार पडायचे. शेजारच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस बाई, रोज फिरायला नेतो.

केंब्रिज चौक मागं पडला. शेंद्र्याला नव्या औद्योगिक वसाहतीत वैजनाथनं गाडी वळवली. कारखाने अजून पुरते उभे राहिले नव्हते, पण रस्ते आधीच होऊन बसले होते. रुंद, सरळ, दुतर्फा दिवे असलेले आणि माणूस नसलेले. दूरवर उन्हात वाकून कुणी शेतात काम करत होतं, तेवढंच.

"हा खरा रस्ता!" अनंतराव सरसावले. "पळवा की आता, बघू काय दम आहे ते."

"बघा हं," वैजनाथ म्हणाला आणि त्यानं पाय दाबला.

पाठ सीटला चिकटली. तोच आवाज आधी खालून, मग कानांत, मग पोटात. दिवे एकामागून एक मागं पळायला लागले. अनंतराव खुशीनं 'वा, वा' म्हणत होते. पद्मजाचा उजवा पाय आपोआप पुढं गेला आणि गालिच्यावर रुतला. आता म्हणायचं, आत्ताच म्हणायला हवं, असं ती स्वतःला बजावत होती. म्हणाल्यावर यानंही दाबला तर? मग रेणुका वाचेल, पण बाबा मागं आहेत, त्यांना तर पट्टासुद्धा लावता आलेला नाही. आणि नाही म्हटलं तर बहीण या सीटवर येऊन बसेल, रोज, आयुष्यभर. तिला खूप भीती वाटली. श्रीरंग इथं नव्हता, तरी आपण काय करतोय ते त्याला दिसत असणार, अशीही वाटली.

"हळू," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला, की तिला वाटलं ऐकूच गेला नसेल. पण वैजनाथचा पाय उचलला गेला होता. काटा उतरायला लागला. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते, ते उघडले तेव्हा बाहेरचे दिवे मोजता येतील इतके सावकाश येत होते.

"सॉरी," तो म्हणाला. "आधी विचारायला पाहिजे होतं मी."

"अहो, ती भित्री आहे लहानपणापासून," मागून अनंतराव म्हणाले. "तुम्ही चालवा बिनधास्त. रस्ता मोकळाय सगळा!"

"नको काका. त्यांना नको वाटायलंय."

"पण आम्हाला घ्यायची तर बघायला नको का?"

"यांना इथंच उतरवू सावलीत. मग तुम्ही पुढं या, तुम्हाला दाखवतो पळवून. त्यांना बसवून नको."

पुढं कडब्यानं भरलेला एक ट्रॅक्टर चालला होता. वर बसलेली म्हातारी पदर दातांत धरून मागच्या निळ्या गाडीकडं कौतुकानं बघत होती. बाजूनं हवी तेवढी वाट होती, तरी वैजनाथ मागंच राहिला. एकदा ऐकलं म्हणून काय झालं, गिऱ्हाइकाचं कुणीही ऐकतं, असं पद्मजाला वाटलं.

"अजून हळू," ती म्हणाली.

आता हे म्हणजे उगाचच होतं. ट्रॅक्टरच्या मागं गाडी सरपटतच होती. वैजनाथनं एकदा तिच्याकडं पाहिलं. तो हसला नाही, का म्हणूनही विचारलं नाही. त्यानं गाडी आणखी हळू केली. ट्रॅक्टर पुढं निघून गेला, म्हातारी लहान होत गेली, आणि कुणी पायी चालणारा माणूसही गाठील अशा चालीनं ती गाडी त्या रुंद रस्त्यावरून चालत राहिली.

पद्मजा कान देऊन बसली होती. आता गचका बसेल, आता धूर येईल, आता बंद पडेल. इंजिन मात्र एकसारखं घुमत होतं.

"असं चालवून हिचं इंजिन बिघडत नाही?" तिनं विचारलं.

"हळू चालवून?" वैजनाथला प्रश्नच नीट कळला नाही. "नाही हो. आई बसली की मी अशीच नेतो, तिला चक्कर येते. तीन वर्षं झाली, काही होत नाही हिला."

"इंजिन कशाला बिघडेल?" मागून अनंतराव हसले. आयुष्यभर पंप आणि मोटारींत गेलेल्या माणसाला हा प्रश्न भलताच विनोदी वाटला. "कुणी सांगितलं गं तुला हे?"

पद्मजानं तोंड खिडकीकडं वळवलं. चार वर्षं तिनं ते खरं मानलं होतं. पूर्ण नव्हे, पण त्याच्यावर राग धरावा लागू नये इतपत मानलं होतं. गाडीच तशी, मग माणूस तरी काय करणार.

"कुणी सांगितलं?" अनंतरावांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

तिनं आरशात पाहिलं. वडील तिच्या हाताकडं बघत होते. मुठीवरचा हात अजून तसाच होता, बोटं पांढरी पडलेली. शिर्डीला जाताना लेकीनं हट्टानं लाल गाडीतल्या अशाच मागच्या खुराड्यात बसून घेतलं होतं, आणि वडिलांना पुढचा मान दिला म्हणून त्यांनी ते चारचौघांत कौतुकानं सांगितलं होतं. आज परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी कुठल्याच गाडीबद्दल काही विचारलं नाही.

वैजनाथनं त्यांना त्यांच्या जुन्या गाडीपाशी सोडलं. मागून निघताना अनंतरावांना त्याच्या हाताचा आधार घ्यावा लागला.

"तुमच्या गाडीच्या मानानं कशी वाटली?" त्यानं पद्मजाला विचारलं.

"चांगली आहे," ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा म्हणाली, "खरंच चांगली आहे."

आपल्या गाडीत बसल्यावर अनंतरावांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"रेणुकेचं काय कळवायचं?"

"कळवू नका लगेच. बघण्याचं झालं, की तिला एकदा त्याच्याबरोबर जाऊ द्या. तिचं तिला बघू द्या. मला ठीक वाटतो मुलगा."

"बरं." त्यांनी घसा साफ केला. "आणि तू?"

तिच्या पर्समध्ये मोबाइल वाजला. कुणाचा आहे ते दोघांनाही न बघता कळलं. पद्मजानं तो लगेच काढला. उशीर केला की संध्याकाळी चक्कर व्हायची.

"कुठं आहेस?" श्रीरंगचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"बाबांबरोबर."

"झालं असेल तर घ्यायला येतो. छान हवा आहे, लांब जाऊन येऊ."

पद्मजानं दुसऱ्या हातानं सीटची कड धरली. "नको," ती म्हणाली. "मी आईकडं चाललेय. आज तिथंच राहणार आहे. उद्यापण."

पलीकडं तो थोडासा हसला.

"येतोच मी तिकडं," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मोबाइल मांडीवर ठेवताना तो तिच्या हातून निसटून खाली पडला. तो उचलायला ती वाकली नाही.

"काय म्हणाले?"

"आईकडं यायलेत. मला न्यायला."

अनंतरावांनी किल्ली फिरवली. पहिल्यांदा गाडी सुरू झालीच नाही. दुसऱ्यांदा झाली. त्यांनी मागं वळून रस्ता बघितला आणि गाडी घराच्या दिशेनं काढली.

"येऊ दे त्याला," ते म्हणाले. "दार मी उघडीन."