शून्य बघा!

मित्रांनो, गेल्या मंगळवारी मला उपटून धायरीच्या भंगारवाल्याकडे टाकण्यात आले. तसे काहीही झालेले नाही. मी एक जुना पेट्रोलचा पंप आहे, कर्वेनगरात दिमाखात उभा आहे आणि या विषयावर मला बोलायचे नाही.

पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, नव्या नोकरीवाल्यांनी नव्या गाड्या घेतल्या, तेव्हा मला इथे बसवले. पुढे माझी नळी यवतमाळकडून आलेल्या हिराबाईंच्या हातात आली. प्रत्येक गिऱ्हाइकाला माझा आकडा दाखवून त्या म्हणायच्या, "शून्य बघा." एवढ्या दोन शब्दांच्या पगारावर त्यांनी मुलीला कॉलेजात घातले.

सुरुवातीला दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे. मग भाव वाढले आणि थपडा मिळू लागल्या. "पेट्रोल भरतोयस की रक्त काढतोयस?" असे एक पेन्शनर मला नेहमी विचारीत. भावातला मोठा हिस्सा कराचा, तो सरकारकडे जाई. पण सरकारला थप्पड मारायची तर अपॉइंटमेंट घ्यावी लागते. मी हाताशी होतो.

एके दिवशी एका साहेबांनी माझ्या पोटावर कागद चिकटवला: 'पेट्रोल कमी जाळा.' त्याच दुपारी दुसऱ्या खात्याच्या साहेबांनी आमचे मालक अवधूतराव यांना झापले, "विक्री का घटली? या करावरच तर सगळं चाललंय!" दोघांनीही जाताना टाकी फुल केली.

मग त्याच करातून दिलेल्या अनुदानावर माझ्या शेजारी विजेच्या गाड्यांचा चार्जर आला. पांढरा, सडपातळ, अबोल. म्हणजे माझ्या मयताचे सामान माझ्याच पैशाने आणले. हवा स्वच्छ होईल, हे मला मान्य आहे. त्याचे तोंड मला मान्य नाही.

अवधूतराव म्हणाले, "हिराबाई, जुना पंप आता काढायचा, आणि चार्जरला माणूस लागत नाही. महिनाअखेरीस या कामावरून तुम्ही मोकळ्या."

"मी उभी राहीन की त्याच्यापाशी."

"नुसतं उभं राहायचा पगार आम्ही विजेच्या खांबालाही देत नाही."

दुसऱ्या दिवशी हिराबाई चार्जरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ऋचा नावाची आयटीतली मुलगी विजेची स्कूटर घेऊन आली.

"शून्य बघा."

"काकू, हे सगळं मोबाइलवर दिसतं. याला कुणी सांगावं लागत नाही."

"मला सांगावं लागतं. मुलीचं शेवटचं वर्ष राहिलंय."

ऋचाने मोबाइल खिशात ठेवला, वाकून आकडा पाहिला आणि हळूच म्हणाली, "हो. शून्य आहे." अवधूतराव काचेआडून बघत होते. महिनाअखेर मात्र पुढे सरकली नाही.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. जमल्यास यंत्राशेजारच्या माणसांचीही. सबब सक्षम अधिकाऱ्यांस विनंती की, माझ्यामार्फत आजवर वसूल झालेल्या करातून प्रत्येक चार्जरपाशी 'शून्य दाखवणारी' हे पद मंजूर करावे, त्यावर श्रीमती हिराबाई यांना मागील तारखेपासून नेमावे, तसेच चार्जरला दसऱ्याचा हार घालू नये. उत्तर पुढील पत्त्यावर पाठवावे: जुना पंप, कर्वेनगर, सध्या तात्पुरता मुक्काम धायरी, दुसरा ढीग, तळाशी.