अक्कलदाढीचं मत

कवळ्या करणाऱ्या बाईचा स्वभाव शांत असावा, अशी लोकांची समजूत असते. दिवसभर मान खाली घालून मेणात दात बसवायचे, त्यात रागावायला जागा कुठे. हिच्या रागाला मात्र जागेची अडचण कधीच पडली नाही. दिवसा ती दंतवैद्यांच्या लॅबमध्ये परक्या हिरड्यांचे साचे ओतायची आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवर ‘अक्कलदाढ’ या नावाने विज्ञानकथांच्या व्हिडिओ गेमवर आणि त्या गेमवरून काढलेल्या सिनेमांवर लिहायची. लिहायची म्हणजे सोलून काढायची.

तिची मतं पक्की होती. अवकाशात आवाज होत नाही हे शाळेतल्या पोरांना कळतं, मग सिनेमावाल्यांना का कळत नाही, इथून तिची सुरुवात व्हायची. नायकाच्या खिशात मेलेल्या बायकोचा फोटो निघाला की ती तिथल्या तिथे एक गुण कापायची. रोबोट विनोद करायला लागला की दोन. पण तिचा खरा राग वेगळा होता. ती म्हणायची, गेममध्ये चूक तुमच्या हाताने होते. दार तुम्ही उघडता, पलीकडचा माणूस तुमच्यामुळे मरतो आणि भाजी निवडतानासुद्धा ते तुम्हाला आठवत राहतं. सिनेमात तीच चूक दुसऱ्या कोणाची तरी होते आणि आपण खुर्चीत रेलून हळहळतो. ही टोचणी पडद्यावर आणता येत नसेल तर माणसाने त्या वाटेला जाऊ नये, दुसरा धंदा बघावा.

लोक तिचं ऐकायचे, कारण तिने कधी कोणाची भीड ठेवली नव्हती. सगळ्यांनी झोडपलेला सिनेमा तिला आवडला तर ती तसं लिहायची, आणि लाडक्या मंडळींनी केलेला गेम फसला तर त्यांचीही गय करायची नाही. अक्कलदाढ कोण, बाई की बुवा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त नवऱ्याला, आणि त्याला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं.

एके दिवशी साच्यात प्लास्टर ओतून ते घट्ट व्हायची वाट बघत असताना तिने दादाची मुलाखत वाचली. दादा म्हणजे तिचा मावसभाऊ. त्याचं सिनेमा दिग्दर्शनात बऱ्यापैकी नाव झालं होतं आणि त्याने ‘बारावं ठाणं’ या जुन्या गेमवर सिनेमा केला होता. मुलाखतीत तो म्हणत होता, ‘हा गेम मी लहानपणी एकट्याने खेळलो. महिनोन्‌महिने. त्या एकटेपणातून हा सिनेमा आला. माझी एक धाकटी मावसबहीण असायची, ती बिचारी मागे बसून बघायची.’

वाचता वाचता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे बसून बघायची म्हणे. खेळायचं यंत्र दादाचं होतं, एवढं खरं. पण त्याला चिकाटी नव्हती. दोनदा मेला की तो हातातला कंट्रोलर तिच्या मांडीवर टाकायचा आणि मागे गादीवर लोळत खायला बसायचा. मोडक्या अवकाशठाण्यावर एकटी उरलेली दुरुस्ती कामगार, तिला रेडिओवरून ऐकू येणारा एक अनोळखी आवाज आणि रोज थोडी थोडी कमी होत जाणारी हवा, असा तो गेम होता. तो खेळली ही. दर सुट्टीच्या दिवशी मावशीकडे जाऊन, वर्षभर. हवेचे पंप तिने दुरुस्त केले, काळोखातले बोगदे तिने पार केले, आणि ठाण्याच्या शेवटच्या फाटकापाशी पोचलीही तीच.

त्या गेमला एक खोड होती. त्यात सेव्ह, म्हणजे पुढे चालू ठेवण्यासाठी साठवलेला खेळ, एकच ठेवता यायचा. दुसऱ्याने नवीन खेळ सुरू करून तो सेव्ह केला की आधीचा कायमचा जायचा. पडद्यावर तसा प्रश्नही यायचा, आधीचा खेळ पुसायचा का म्हणून. आणि मित्रांपुढे मिरवण्याच्या नादात दादाने ‘हो’ दाबलं. पुढच्या सुट्टीला ती गेली तर यंत्रात वर्षभराचं काहीच नव्हतं. दादा म्हणाला, यंत्राने खाल्लं. मागाहून त्याच्या मित्राच्या तोंडून खरं बाहेर पडलं, तेव्हा तो हसला होता. खेळच तर आहे, रडतेस काय. ती त्यानंतर तो गेम पुन्हा खेळली, मोठी झाल्यावर स्वतःचं यंत्र घेऊन, अगदी शेवटपर्यंत. पण डूख धरला तो धरलाच. आणि आता तो माणूस जगाला सांगत होता की खेळत तो होता आणि बघत ही होती.

प्लास्टर केव्हाच घट्ट झालं होतं. तिने साचा उघडला आणि मनाशी ठरवलं की हा सिनेमा आपल्या हातून मरणार.

प्रदर्शनाच्या आधीच्या खास खेळाची दोन तिकिटं मावशीच्या हातून आली. दादाने घरच्यांसाठी पाठवली होती. नवऱ्याला घेऊन ती गेली. जाताना तिच्या मनात वाक्यं तयार होती, फक्त सिनेमा बघून ती कुठे चिकटवायची एवढंच बाकी होतं.

सिनेमा चांगला निघाला. उगीच बरा वगैरे नाही, चांगला. ठाण्याबाहेर काही फुटलं तर पडद्यावर नुसता उजेड व्हायचा, आवाज नाही. सुरुवातीचा मोठा तुकडा कोणी तोंडातून शब्द काढत नव्हतं. एक बाई हातमोजे घालून हवेचा पंप खोलत होती आणि अख्खं थिएटर श्वास धरून तिच्या बोटांकडे बघत होतं. रेडिओवरच्या आवाजाला दादाने शेवटपर्यंत चेहरा दिला नव्हता. दुसऱ्या कोणीही तिथे एखादा देखणा नट आणून बसवला असता. आणि पंपाची एक झडप ती बाई चुकीची बसवते, त्यावर रेडिओवरचा आवाज खोल जातो, तेव्हा हिला ती झडप आपल्याच हातून चुकल्यासारखं वाटलं. टोचणी पडद्यावर येत नाही असं ती इतकी वर्षं लिहीत आली होती. ती आली होती.

एक गोष्ट तिला सगळ्यात जास्त लागली. झोपायला जायच्या आधी ती दुरुस्तीवाली दर वेळी एका छोट्या खिडकीपाशी थांबत होती. गेममध्ये तसं काही करायची गरज नव्हती. त्याने हवा वाढत नाही, गुण मिळत नाहीत. लहानपणी हीच थांबायची, उगाच, खालच्या ग्रहाला बरं वाटावं म्हणून. हे मागे गादीवर लोळणाऱ्या एकाच माणसाला माहीत होतं. सिनेमा शेवटच्या फाटकापाशी संपला, ग्रहावर उतरण्याचा गेमचा दुसरा अर्धा भाग पुढच्या सिनेमासाठी ठेवून, आणि दिवे लागले तेव्हा तिचे गाल ओले होते. पण बाहेर जिन्यावर येईपर्यंत त्या रडण्याचा संताप झाला. माझा खेळ नेला, माझं नाव पुसलं, आता माझी खिडकीही नेली. वर मी रडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी, तिने लिहिलं. ‘या सिनेमात शांतता आहे, पण ती काही सुचलं नाही म्हणून आलेली शांतता आहे. पुढे काय दाखवावं हे दिग्दर्शकाला कळेनासं झालं की त्याची बाई खिडकीत जाऊन उभी राहते. खाली दूधवाला येणार असावा. हा गेम ज्याने हातात घेऊन खेळलेला नाही, मागे बसून नुसता बघितलाय, अशा माणसाचा हा सिनेमा आहे.’ शेवटचं वाक्य लिहिताना तिला इतकं बरं वाटलं की तिने ते मोठ्याने वाचलं.

नवरा चहाचा कप घेऊन मागे उभा होता. तो म्हणाला, “तू तर रडत होतीस.”

“कांदा चिरतानाही रडतात.”

“त्याने तुझा खेळ पुसला, हे लिही की. ते तरी खरं आहे.”

“ते लिहिलं तर लोक मला हसतील. लहानपणीच्या खेळावरून बाई अजून फुगून बसलीय म्हणतील.” तिने बटण दाबलं आणि डबा भरायला उठली.  नवऱ्याला तिचा राग माहीत होता, पण तिला खोटं बोलताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

लेख वणव्यासारखा पसरला. अक्कलदाढीने कधी कोणावर उगीच दात धरला नव्हता, त्यामुळे लोकांना शंका घ्यायचं कारण नव्हतं. ज्यांना सिनेमा आवडला होता तेही आधी गप्प बसले आणि मग आपल्याला तो तितकासा आवडला नव्हता असं सांगू लागले. खिडकीतल्या बाईची आणि दूधवाल्याची चित्रं काढून लोक एकमेकांना पाठवत सुटले. थिएटरवाल्यांनी आधी दुपारचे खेळ बंद केले, मग संध्याकाळचे. मावशीने फोन करून सांगितलं की दादा जेवत नाही. हिने चिंतेचे दोन शब्द काढले आणि फोन ठेवल्यावर स्वतःसाठी दुसऱ्यांदा चहा टाकला. तिला मनापासून आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग एका दुपारी दादा लॅबमध्ये आला. आधी कधी आला नव्हता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. टेबलावर ओळीने मांडलेल्या कवळ्यांकडे त्याने जरा बिचकून पाहिलं आणि तिच्यासमोरचं स्टूल ओढून बसला. ती एका वरच्या जबड्यात पुढचे दात बसवत होती. हात न थांबवता तिने चौकशी केली. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, अक्कलदाढ नावाच्या त्या हलकटाला शिव्या घातल्या, आणि मग म्हणाला की खरं म्हणजे तो एक विचारायला आलाय. बाकी जग गेलं खड्ड्यात, हा गेम तिच्याइतका कोणालाच कळलेला नाही, तर सिनेमा कसा झालाय ते तिने सांगावं.

“ती खिडकी तुझी होती,” तो म्हणाला. “ओळखलीस ना? ती अख्खी बाईच तू आहेस. मुलाखतीत तसं सांगणार होतो. पण सिनेमाची प्रसिद्धी बघणाऱ्या बाई म्हणाल्या, एकट्या मुलाची गोष्ट जास्त चालते. म्हटलं, तू काय, घरातलीच आहेस.”

तिची मेणाची सुरी थांबली. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा कबूल केलं होतं, तेही चार भिंतींत, तिसरं कोणी ऐकायला नसताना. तरी तिचं मन थोडं हललं. तिने ठरवलं की याला एक संधी द्यायची. एवढं एक तो नीट बोलला तर आपणही खरं बोलायचं.

“दादा, माझा सेव्ह कोणी पुसला होता?”

तो खरोखर आठवू लागला. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे. “कुठला सेव्ह? हां, ते. यंत्राने खाल्लं होतं ना? फार त्रास द्यायचं ते डबडं.”

तो थाप मारत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. ज्या गोष्टीसाठी तिने अर्धं आयुष्य दातओठ खाल्ले, ती त्याच्या डोक्यातून कधीच पुसली गेली होती. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, उत्तरासाठी, लहान मुलासारखा.

“वाईट होता,” ती म्हणाली.

“सगळाच?”

“सगळाच. खिडकीसुद्धा.”

त्याने मान हलवली. हुज्जत घातली नाही. तो म्हणाला, मग त्याचं काम सोपं झालं. निर्माते अजूनही दुसरा भाग करायला तयार होते, कमी खर्चात का होईना. त्याने त्यांना सांगून ठेवलं होतं की बहिणीला विचारून कळवतो. आता नाही म्हणून कळवेल. त्यांनाही घाई होती, तो नाही म्हणाला तर ते लगेच दुसऱ्याला देणार होते. दुसरा म्हणजे कोण, हेही त्याने सांगितलं. ते नाव ऐकून तिच्या हातातला दात खाली पडला. ज्याच्या सिनेमात शेवटी यान नाही तर ग्रह फुटलाच पाहिजे, ज्याचं ‘धडाम’ हे नाव तिनेच पाडलं होतं, तोच तो.

दुसरा भाग म्हणजे ग्रहावर उतरायचा भाग. काळोख, आपली पावलं आणि कानात तो आवाज, बाकी काही नाही. तो पडद्यावर बघायला मिळावा म्हणून ती गेली कित्येक वर्षं जीव टाकत होती, आणि तो नीट करू शकणारा माणूस या जगात एकच होता. तो आता स्टुलावरून उठत होता. धडाम त्या आवाजाला एखादा गोरागोमटा चेहरा देणार, पाचव्या मिनिटाला त्याचं लग्न ठरवणार, आणि मग तो भाग पुन्हा कोणी करणार नाही, कारण असे सिनेमे एकदाच होतात.

एक वाक्य पुरेसं होतं. दादा थांब, मी खोटं बोलले. ते तिच्या जिभेवर आलंही. पण त्याच्यामागून का हा प्रश्न आला असता, आणि मग तो सेव्ह, आणि मग तो लेख. तो आधी बघत राहिला असता आणि मग हसला असता, एवढंच होय, म्हणून. ते हसणं तिला पुन्हा सोसणार नव्हतं. त्यापेक्षा ग्रह फुटलेला परवडला.

“बघ बाबा,” ती म्हणाली, “तुझं तू ठरव.”

“ठरलंच,” दादा म्हणाला. दारापाशी जाऊन तो वळला. त्याचा चेहरा आता आला तेव्हापेक्षा हलका दिसत होता. “बरं झालं तुला विचारलं. दुसऱ्या कोणी मला खरं सांगितलं नसतं.”