आबांच्या मोज्यांचं माप

मित्रांनो, मी एक जुना मोजा आहे. लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा, आणि मुक्काम कतारमधल्या दोह्याला. हसलात ना? हसा. जिथे माणसं एसीच्या आडोशाने दिवस काढतात तिथे लोकरीच्या मोज्याचं काय काम, हे मला विणायच्या आधीच सगळ्यांनी विचारून घेतलं होतं. इथल्या नजमा भागात दुकानदार रहमानने माझी लोकर धूळ झटकूनच काढली. "मॅडम, यहाँ स्वेटर कौन पहनेगा?" तो म्हणाला. स्वेटर नाही, सासऱ्यांसाठी मोजे आहेत, असं विभावरीने सांगितलं तेव्हा तर तो बघतच राहिला.

ही विभावरी म्हणजे मला विणणारी. नवरा अभिजित आणि मुलगी अंतरा यांच्याबरोबर ती अल हिलालमधल्या फ्लॅटमध्ये राहते. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला वर्षभर उरलं होतं. रस्ते रोज नव्याने वळवले जात होते आणि इंजिनियर अभिजितचा पाय घरात ठरत नव्हता. त्या हिवाळ्यात साताऱ्याकडून त्याचे वडील, निवृत्तीआबा, राहायला आले. आबा फौजेत बॅगपाइप वाजवायचे, काखेत पिशवी दाबून फुंकायचं ते वाद्य. पेन्शनीत आले तरी ते सुटलं नव्हतं, आणि दोह्यालाही ते कपड्यांत गुंडाळून आणलं होतं.

अभिजितच्या ऑफिसात कॅलम नावाचा एक स्कॉटिश साहेब होता. त्याने हौशी लोकांचा बॅगपाइपचा बँड जमवला होता. वर्ल्ड कपच्या दिवसांत समुद्रकाठच्या रस्त्याने वाजवत चालायचं, असा त्यांचा बेत होता. त्यांना एक वाजवणारा कमी पडत होता, आणि मिळाला तो थेट पलटणीतला. वर्ल्ड कपच्या वेळी तुम्हाला पुन्हा बोलावून घेऊ, असं अभिजितने वडिलांना सांगितलं. त्या दिवसापासून आबांची चालच बदलली. भाजी आणायलासुद्धा ते छाती काढून निघत.

बँडाचा पोशाख म्हणजे चौकड्यांचा किल्ट, पुरुषांनी नेसायचा घागराच म्हणा, आणि त्याखाली आम्ही दोघं मोजे. किल्टच्या मोज्याचा सगळा रुबाब त्याच्या वरच्या दुमडीत असतो. ती आधी विणायची, मग उलटी करून खालचा पाय विणायचा. म्हणजे दुमडल्यावर नक्षी बाहेर येते. विभावरी पहिल्यांदा उलटी करायला विसरली आणि नक्षी आत गेली. तिने न कुरकुरता सगळं उसवलं आणि पुन्हा टाके घातले. पांढऱ्या दुमडीवर तिने कतारच्या झेंड्यासारखे डाळिंबी दाते काढले. दृष्ट लागू नये म्हणून कोपऱ्यात एक काळा टाका घातला, बाळाला तीट लावतात तसा.

नक्षीसाठी एवढं उसवणारी बाई मापाला मात्र अडली. पोटरीचा घेर हवा होता. सणासुदीला ती आबांच्या पायांवर डोकं ठेवायची, पण सासऱ्यांच्या पोटरीला टेप लावायला तिचा हात पुढे होईना. विचारायचीही लाज वाटली. अभिजित म्हणाला, "माझंच घे. बापलेकांचे पाय सारखेच असतात." त्याच्या पोटऱ्या जिममध्ये कमावलेल्या होत्या. तिने त्याच मापाने आम्हाला विणलं.

आम्ही मिळालो तेव्हा आबांचे डोळे भरून आले, आणि मी त्यांच्या पायावर चढलो तेव्हा मला कळून चुकलं. म्हातारपणाने पाय काटकुळा झाला होता. पहिल्याच सरावात आम्ही दोघंही घोट्यापर्यंत घसरलो. कॅलमने बाजारातली जोडी पुढे केली. "नो सर," आबा म्हणाले. "माय डॉटर-इन-लॉ मेड."

घरी येऊन त्यांनी अंतराचे केस बांधायचे दोन रबरबँड हळूच उचलले आणि आमच्या दुमडीखाली घट्ट चढवले. "मम्मा, माय हेअरबँड्स आर मिसिंग," अंतराने तक्रार केली. विभावरीने तिलाच पसाऱ्यावरून झापलं.

मग आली पहिली रंगीत तालीम, बागेत, चार लोकांसमोर. माझ्या दुमडीकडे बोट दाखवून बायका फोटो काढत होत्या. मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि आता त्या अभिमानाची लाज वाटते. रबर पायात रुतत होतं. पाऊल बधिर झालं आणि आयुष्यभर ठेक्यात चाललेल्या आबांची चाल चुकली. मागचा माणूस त्यांच्यावर आदळला. आबा रांगेतून बाजूला झाले. "नी प्रॉब्लेम, सर. खलास," ते कॅलमला म्हणाले. घरीही त्यांनी गुडघ्याचंच सांगितलं. विभावरीने रोज तेल गरम करून दिलं, आणि ते मुकाट्याने धडधाकट गुडघ्याला चोळत राहिले. व्हिसा संपला तसे ते गावी गेले. आम्ही इथेच राहिलो.

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्हाला धुवायला काढलं तेव्हा विभावरीने दुमड उलटली. ते रबरबँड हातात घेऊन ती पलंगावर बसली. मग तिने फोन लावला.

"आबा, मोजे सैल होते?"

"चांगले होते गं पोरी. लोक थांबून बघायचे."

"सैल होते का, आबा?"

"पाय वाळलेत गं माझे. त्यात तुझ्या हाताचा काय दोष?"

तिने तिथल्या तिथे माप विचारलं. नवी जोडी विणते, म्हणाली. "आता ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "साहेबाला दुसरा माणूस मिळाला असंल."

मिळालाच होता. वर्ल्ड कपच्या दिवसांत समुद्रकाठी बँड आला तेव्हा विभावरी गर्दीत उभी होती. मी तिच्या पिशवीत होतो. तिने वाजवणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आबांच्या जागी चालणाऱ्याचे मोजे बाजारातले होते, आणि पायाला बेतशीर बसले होते.

आता मी कपाटात असतो, ते रबरबँड पोटात घेऊन. मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका, असं मी सांगणार नाही. लागली तर लागू दे. एवढंच करा, ज्यांच्या पायांवर डोकं ठेवता, त्यांच्या पायांचं माप त्यांनाच विचारा.